ह्यांच्या नावचं चालान

४ मार्च, मंगळवार. देवास

आज ह्यांच्या फोनवर पोलिसांचा मेसेज आला. हे जाऊन नऊ महिने झाले, तरी त्यांचा फोन मी रोज चार्ज करते. का करते, ते कुणी विचारू नये. यशराजने एकदा विचारलं होतं. पोटचा मुलगा असला म्हणून काय झालं, दोन दिवस त्याच्या पानात नुसती मेथीची भाजी पडली.

मेसेज हिंदीत होता आणि माझा चष्मा देवघरात होता, म्हणून सूनबाईंनी वाचून दाखवला. वैभवी म्हणाली, "आईसाहेब, पापासाहेबांच्या नावचं चालान आहे. ओव्हरस्पीडिंगचं."

मला हसू आलं. किती तरी महिन्यांनी मी अशी पोट धरून हसले. वैभवी बिचारी घाबरून पाणी घेऊन आली.

हे आणि ओव्हरस्पीडिंग. अहो, ह्यांच्या गाडीला आमच्या कॉलनीतली पोरं सायकलवरून मागे टाकायची. कन्नौदला शेतावर जाताना पुढे ट्रॅक्टर-ट्रॉली आली की हे खूश व्हायचे. मग पार कन्नौदपर्यंत त्या ट्रॉलीच्या मागे निवांत. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून दमायचे. हे म्हणायचे, "जाऊ दे त्या भियाला, त्याच्या घरी काही तरी जळत असेल."

पण चालान आहे खरं. तारीख गेल्याच्या गेल्या दिवाळीतली, भाऊबीजेची. रस्ता धार ते इंदूर. वेग एकशेचार. वाचता वाचता वैभवीही हसायला लागली, कारण गाडीच्या प्रकारासमोर लिहिलंय, 'मालवाहक'. आमच्या पांढऱ्या मारुतीला त्यांनी लोडिंग रिक्षा करून टाकलंय.

५ मार्च, बुधवार

काल हसले, आज संताप संताप झाला. ही डायरी बँकेने फुकट दिलेली. सूनबाईंना मराठी बोलता येतं पण हातचं लिहिलेलं लागत नाही, त्यामुळे इथे मनातलं लिहायला काही अडचण नाही.

भाऊबीजेचा तो दिवस मी विसरणार आहे का? त्या दिवशी मी मेले असते. धारला माहेरी, रघुजीला ओवाळून ताट खाली ठेवलं आणि छातीत असं काही आलं की ताटाशेजारीच बसले. तिथल्या डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवली आणि सांगितलं, लगेच इंदूरला न्या. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. मग ह्यांनी मला आमच्याच गाडीत मागच्या सीटवर झोपवलं. रघुजी, माझा धाकटा भाऊ, पुढे बसला. ह्यांनी मागचे पडदे ओढून घेतले आणि निघालो.

पडद्यांचं सांगायला हवं. आमच्या घरच्या बायका गाडीत मागे आणि पडद्याआड बसत. सासूबाई होत्या तोवर धार काय नि देवास काय, मी रस्ता असा पाहिलाच नाही. त्या गेल्यावरही पडदे राहिले. आधी सवय म्हणून आणि मग ऊन लागतं म्हणून. मरून रंगाचे, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचे.

तर मी पडद्याआड पडून होते आणि हे पुढून माझ्याशी बोलत होते. नेहमीसारखेच, सावकाश, एकेक शब्द चावून. आमच्या लग्नात देवासहून धारला वरात निघाली आणि वाटेत बस बंद पडली, ती गोष्ट. हजार वेळा ऐकलेली. मध्येच म्हणत, "आता घाटाबिल्लोद येईल. काही घाई नाही. सगळं ठीक आहे." मग पुन्हा गोष्ट. बेटमा आलं म्हणाले आणि मग एकदम इंदूरचं हॉस्पिटलच आलं. मध्ये माझा डोळा लागला असेल.

एकशेचारच्या वेगाने गाडी हाकणारा माणूस असा बोलेल? ज्या मशिनला कार आणि लोडिंग रिक्षा यातला फरक कळत नाही, त्याला वेग काय कळणार.

८ मार्च, शनिवार

यशराज म्हणतो, "आईसाहेब, भरून टाकू ना. गाडी तुमच्या नावावर करायची आहे, चालान पेंडिंग असलं की ट्रान्सफर अडकतं. किंवा पापासाहेबांचं डेथ सर्टिफिकेट लावून टाकू, केस बंद."

मी म्हटलं, म्हणजे त्यांनी गुन्हा केला पण मेले म्हणून सुटले, असं लिहून द्यायचं? पाटबंधारे खात्यात जन्म काढला, कुणाची एक रेघ नाही त्यांच्यावर. आता गेल्यानंतर त्यांना बेफाम गाडी चालवणारा ठरवायचं? मी लढणार.

वैभवीचा चुलतभाऊ रणवीर इथल्या कोर्टात वकील आहे. त्याला बोलावलं. पोरगा चुणचुणीत आहे, फक्त बोलताना मान फार हलवतो. चालान बघून म्हणाला, "काकीसाहेब, ये तो उडून जाईल. गाडीचा प्रकारच चुकलाय, त्यामुळे स्पीड लिमिट पण चुकलं. पहिल्या तारखेला खारिज." मग फोटो मोठा करून बघितला. "पडदे दिसतायत काकीसाहेब. त्याचं वेगळं चालान नाही लावलं, नशीब समजा."

फोटोत आमची गाडी मागून दिसते. नंबर स्वच्छ. डावीकडच्या पुढच्या खिडकीतून काही तरी पांढरं बाहेर आलंय. वैभवी म्हणाली, धूळ असेल. मला वाटतं कॅमेऱ्यावर काही तरी बसलं असेल. असल्या कॅमेऱ्यावर लोकांना गुन्हेगार ठरवतात.

मी रणवीरला सांगितलं, नुसतं तांत्रिक चुकीवर मला सुटायचं नाही. गाडी हळू होती, असंच कोर्टाने म्हणायला हवं. तो म्हणाला, मग गाडीत जे होते त्यांची शपथपत्रं द्यावी लागतील. मी एका पायावर तयार आहे. टेकडीवरच्या देवीआईची शपथ घेऊन सांगेन. आणि रघुजी आहेच.

१२ मार्च, बुधवार

रघुजीला फोन केला. आधी होळीचं, मग गव्हाचं, मग गुडघ्याचं बोलला. चालानाचं काढलं की रेंज जाते. तिसऱ्यांदा लावला तेव्हा म्हणाला, "अक्का, शपथपत्र वगैरे कशाला? यशराज म्हणतो तसं सर्टिफिकेट लावून मोकळी हो."

मी म्हटलं, तू पुढे बसला होतास, तुझ्या डोळ्यांसमोर काटा होता. एवढं लिहून द्यायला तुला काय होतंय?

"डोळ्यांचं काय अक्का, मोतीबिंदू आहे मला."

मोतीबिंदू आता झालाय, तेव्हा कुठे होता. पहिल्यापासून हा असाच भित्रा. शाळेच्या इन्स्पेक्टरलासुद्धा घाबरायचा. आता कोर्टाला घाबरतोय.

मनाला लागलं. मेहुण्याच्या नावासाठी एवढं करायला नको का?

१४ मार्च, शुक्रवार

हे गेल्यानंतरची पहिली होळी. पद्धतीप्रमाणे नातेवाईक येऊन कपाळाला गुलाल लावून गेले, म्हणजे घर पुन्हा सणांना मोकळं झालं. ह्यांच्याबद्दल जो तो एकच बोलत होता. शांत माणूस. कधी कुणावर ओरडले नाहीत, कधी घाई नाही.

सगळ्यांनी चांगल्या मनाने म्हटलं आणि मीही मान हलवली. पण इथे खरं लिहिते. ह्यांना कधी घाई नव्हती, हीच माझी जन्मभराची तक्रार. लग्नात वरात संध्याकाळची पहाटे पोहोचली. यशराजच्या वेळी मी धारला अडले होते, माझी सुटका झाली, बाळाला टोपडं घातलं, आणि हे दुसऱ्या दिवशी दुपारी पेढे घेऊन आले. रस्त्यात ओळखीचे भेटले म्हणे. मी रुसले तर म्हणाले, "आलो ना." माझ्यासाठी म्हणून ह्या माणसाने एकदा तरी धावावं, असं मला फार वाटायचं. कधी बोलले नाही.

आणि आता तो धावला असं सरकार म्हणतंय, तर मी नाही म्हणायला निघालेय. गंमतच आहे. पण जे खरं तेच सांगायला हवं.

१९ मार्च, रंगपंचमी

रणवीर शपथपत्राचा मसुदा घेऊन आला. 'वाहन की गति सामान्य थी.' वैभवीने वाचला, मला पटला. सही उद्या नोटरीसमोर. रणवीर म्हणाला, पुढे बसलेल्या माणसाचं आलं तर सोन्याहून पिवळं.

ठरवलं. सही आधी नको. आधी धारला जाते, रघुजीला कान धरून घेऊन येते, दोघं एकदमच करू.

वैभवी म्हणाली, "मी नेते तुम्हाला. आपली कारच काढू." हे गेल्यापासून गाडी फारशी निघाली नव्हती. यशराजने टायरमध्ये हवा भरली. मी पडदे धुवून लावले.

२१ मार्च, शुक्रवार. धार

आत्ताच लिहिलं नाही तर नीट आठवणार नाही.

जेवणं झाली. वैभवी आणि वहिनी, म्हणजे रघुजीची अंजू, आतमध्ये पापड बघायला गेल्या. मी कागद काढून रघुजीच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, वाच आणि सही कर.

त्याने वाचला. बराच वेळ वाचला. मग चष्मा काढून ठेवला आणि म्हणाला, "अक्का, ही सही मी करणार नाही. तूही करू नकोस. देवीची शपथ घेऊन खोटं पडेल."

मी म्हटलं, खोटं कसं? मी होते की गाडीत.

"तू पडद्याआड होतीस."

मग तो बोलत गेला. मी एकदाही मध्ये बोलले नाही, आणि माझ्या बाबतीत हे रघुजीलाही नवीन असेल.

निघायच्या आधी डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की वेळ फार थोडा आहे. आणि हिला घाबरवू नका, हृदयावर ताण आला तर वाटेतच जाईल. ह्यांनी पडदे ओढले ते मला ऊन लागू नये म्हणून नव्हे, रस्ता दिसू नये म्हणून. वस्ती सुटली आणि ह्यांनी गाडी अशी सोडली की रघुजीने दोन्ही हातांनी समोरचा डॅशबोर्ड पकडला. हॉर्न वाजवेनात, मला कळेल म्हणून. हातानेच रघुजीला खूण केली. तेव्हा रघुजीने आपला पांढरा रुमाल खिडकीबाहेर धरला आणि इंदूर येईपर्यंत हलवत राहिला. लोक बघून वाट देत होते. फोटोतलं ते पांढरं म्हणजे रघुजीचा हात.

आणि तोंडाने ती गोष्ट चाललेली. बस बंद पडली, क्लीनर पाणी आणायला गेला, बँडवाले रस्त्यातच वाजवायला बसले. सावकाश. रघुजी म्हणाला, "अक्का, दाजीसाहेबांच्या कपाळावरून घाम असा वाहत होता की डोळ्यांत जात होता, आणि आवाज मात्र जेवायला बसल्यासारखा. घाटाबिल्लोद येईल, घाटाबिल्लोद येईल, म्हणत होते ना? तेव्हा घाटाबिल्लोद मागे पडून किती तरी वेळ झाला होता. बेटमा म्हणाले तेव्हा इंदूरचे सिग्नल चालू झाले होते."

आणि मी समजत होते, माझा डोळा लागला.

हॉस्पिटलच्या दारात मला स्ट्रेचरवर घेतलं. हे गाडीतच बसून राहिले. मला तेव्हा वाटलं होतं, बघा, अजून उतरायचीसुद्धा घाई नाही. रघुजी म्हणाला, "त्यांची बोटं स्टीअरिंगवरून निघेनात. मी एकेक करून सोडवली. मग म्हणाले, रघुजी, तिला सांगू नका. ती मला परत गाडीला हात लावू देणार नाही."

बरोबरच होतं. दिला नसता.

मला रडू आलं. रघुजीने धाकट्या भावासारखं नुसतं पाण्याचं भांडं पुढे केलं. मी म्हटलं, सव्वा वर्ष गप्प राहिलास. तो म्हणाला, "वचन दिलं होतं, अक्का. तू देवीची शपथ घ्यायला निघालीस म्हणून मोडलं."

आणि मी ह्याला भित्रा म्हटलं.

२२ मार्च, शनिवार. देवास

परत येताना मी पुढे बसले, वैभवीच्या शेजारी. मागचे पडदे उघडे. धार ते इंदूर हा रस्ता मी आयुष्यभर जाऊन-येऊन आज पहिल्यांदा पाहिला. खूप वळणं आहेत. मध्ये गुरं येतात, ट्रक अंगावर येतात. ह्या रस्त्यावर ह्यांनी, ज्यांना ट्रॉलीच्या मागे बरं वाटायचं, त्यांनी एकशेचार. मला भीती वाटली, आणि मग एवढं बरं वाटलं की काय सांगू.

वैभवीला सगळं सांगितलं. तिने गाडी बाजूला घेऊन उभी केली, डोळे पुसले आणि म्हणाली, "आईसाहेब, आता दोन मिनिटं मला चालवता येणार नाही."

गुणाची आहे पोर. हे मी इथे अजून कधी लिहिलं नव्हतं.

२५ मार्च, मंगळवार

रणवीर हैराण झालाय. "काकीसाहेब, जिंकलेली केस आहे. शपथपत्र नका देऊ, नुसत्या मालवाहकवर खारिज होते. तुम्ही भरता कशाला?"

यशराजही तेच म्हणतो. खारिज करून घ्या, कागद साफ होईल.

दोन दिवस विचार केला. खारिज म्हणजे काय? असं काही घडलंच नाही, असं सरकार लिहून देणार. पण घडलंय ना. माझ्या माणसाने माझ्यासाठी जन्मात एकदा कायदा मोडला, आणि त्याचा पुरावा मीच हौसेने वकील लावून पुसून टाकू? आणि चूक ती चूकच. कुणाचं पोर आडवं आलं असतं तर? हे असते तर त्यांनी आधी दंड भरला असता, सावकाश रांगेत उभं राहून.

रणवीरला म्हटलं, भरायचं. पण आपली गाडी मालवाहक नाही, तेवढं दुरुस्त करून घे.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारली. दुपारून वैभवीबरोबर टेकडीवर जाऊन आले. दोन्ही देवींचं दर्शन घेतलं. खोट्या शपथेपासून वाचवलंस म्हणून ओटी भरली. मागायला काही सुचलंच नाही. नुसतं आभार, आभार म्हणत उभी होते, मागच्यांनी ढकलेपर्यंत.

१० मे, शनिवार

आज लोकअदालत होती. कोर्टात ही गर्दी. दंड भरायला आलेली कॉलेजातली पोरं, रिक्षावाले, मधेच मी नऊवारीत. रघुजी धारहून पहाटेच्या बसने आला होता, न बोलावता.

न्यायाधीश एक तरुण बाई होत्या. कागद बघून म्हणाल्या, "माताजी, ये तो अब नहीं रहे. और गाड़ी का प्रकार भी ग़लत लिखा है. ये मैं अभी बंद कर देती हूँ, आप जाइए." रणवीरने माझ्याकडे बघितलं, आता तरी ऐका, अशा नजरेने.

मी म्हटलं, "बंद मत कीजिए मॅडम. गाड़ी कार है, वो सुधार दीजिए. बाकी सब सही है. गाड़ी तेज थी."

"आपको कैसे पता?"

"मैं पीछे लेटी थी. मुझे हार्ट अटैक आया था. मुझे ही लेकर भागे थे."

त्यांनी फोटो जवळ घेतला. किती तरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तसं असेल तर माफ करता येईल. मी हात जोडले. म्हटलं, माफी नको. गाडी आता माझ्या नावावर व्हायची आहे, दंड मी भरते. फक्त त्यांनी काय केलं ते नीट लिहा.

बाईंनी जास्त विचारलं नाही. गाडीचा प्रकार खोडून कार लिहिलं, सही केली आणि कागद बाबूकडे दिला. बाबू प्रत्येकाचं मोठ्याने वाचत होता, तसं ह्यांचंही वाचलं. "उदाजीराव, पिता गणोजीराव, निवासी देवास. निर्धारित से अधिक गति, एक सौ चार. अपराध स्वीकार."

ह्यांचं नाव असं चारचौघांत पुकारलेलं ह्यांच्या रिटायरमेंटनंतर आजच ऐकलं. मी पदर सारखा केला. शेजारी एक अनोळखी बाई पोराच्या चालानासाठी उभी होती, ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिला सांगितलं, "ये हमारे घरवाले हैं. मेरे लिए भगाई थी."